आमच्यासारखे कोण?

१८ नोव्हेंबर १९५७

मान्यतेचं सरकारी पत्र पुन्हा आलं. समिती फेब्रुवारीत येणार. आमच्या वाणिज्य विद्यालयाची मान्यता अजून तात्पुरतीच, दर खेपेस जीव टांगणीला. या वेळी पक्की झाली नाही तर जूनपासून संपलं. वर्ग घ्यायला कोणी आडवं येणार नाही, पण मुलांना आमच्या नावावर परीक्षेला बसता येणार नाही. मग टायपिंग न् बुककीपिंग शिकायला रत्नागिरीच्या रामआळीतला जिना चढून कोण येणार?

नवीन एकच. तुलनात्मक तक्ता मागितलाय. आपल्या संस्थेची 'समकक्ष संस्थां'शी तुलना करून द्यावी. निकाल, शिक्षक, ग्रंथालय, मधेच सोडून गेलेले विद्यार्थी. समकक्ष कोण ते आपणच सुचवायचं.

दाऊदला दाखवलं. दाऊद मुकादम पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर. आधी बोटीच्या कंपनीत कारकून होता, आता बुककीपिंग शिकवतो. चष्मा कपाळावर सारून म्हणाला, "समकक्ष? आपली कक्षा कुठची ते आधी कळवा म्हणावं."

हसलो दोघे. घरी येईपर्यंत हसू उरलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

मागच्या खेपेचा अहवाल काढून वाचला. काढायला नको होता. 'मुंबई व पुणे येथील संस्थांच्या तुलनेत सर्वच बाबतींत मागे.' सर्वच! जांभ्याच्या कातळावर उगवलेल्या झाडाची उंची शेतातल्या झाडाशी मोजायची आणि वर खुज्याचा शेरा मारायचा.

सगळ्यांत झोंबलं ते 'गळती'. आमच्याकडे मुलगा बऱ्यापैकी टाइप करू लागला की मुंबईहून भावाचा, मामाचा निरोप येतो. जागा आहे, ये. तो जातो, वर्ष पुरं करत नाही. आम्ही सगळे मांडवी बंदरावर पोचवायला जातो, नारळ देतो. समितीच्या लेखी तो गळला.

ज्यासाठी शाळा काढली, तेच अपयशाच्या रकान्यात.

२४ नोव्हेंबर

भाऊकाकांकडे बैठक. भाऊकाका आंब्याचे व्यापारी, आमच्या मंडळाचे अध्यक्ष. मनाने वाईट नाही माणूस. त्यांचं म्हणणं, "पुण्याचंच नाव घाला मास्तर. मोठ्यांच्या पंगतीत बसलं की आपणही मोठे दिसतो."

मी म्हटलं, "गेल्या वेळी बसलो होतो. आपल्या पानात काय पडलं ते वाचलंत ना?"

सुपारी कातरू लागले. मग, "बरं, तुम्हाला कळतं त्यात. करा."

ठरलं माझ्यापुरतं. आमच्यासारख्याच शाळा शोधायच्या. समुद्राकाठच्या, लहान गावातल्या, जिथून पोरं बाहेर जातात. चार ठिकाणी लिहिलं आज.

६ डिसेंबर

दोघांचा नकार. एकाने तर, 'आमचे आकडे आमच्यापुरते.' बरोबर आहे त्याचं. आपली नाडी परक्याच्या हातात कोण देईल? घाटावरच्या एका शाळेचं उत्तरच नाही.

वर्गात विठू नाही. चौकशी केली. पोफळीला वीजघराच्या कामावर हजेरी-कारकून म्हणून लागला. चांगला मुलगा. आनंद व्हायला हवा होता. मनात पहिलं आलं ते, आणखी एक गळला. शरम वाटली माझी मलाच.

११ डिसेंबर

खतिजाची आई वर्गाबाहेर पायरीवर बसली होती. रोजच बसते, मुलीला घेऊन राजिवड्याला परत जायचं म्हणून. आज उठून पुढे आली.

"मास्तर, शाळा राहणार ना?"

"का हो?"

"हिचा बाप मार्चात येतोय बोटीवरून. त्याच्या चुलत्याने लग्नाचं काढलंय. मी सांगणार, पोरगी सरकारी परीक्षेला बसतेय, तेवढी होऊन जाऊ दे. पण परीक्षाच नसली तर मी काय सांगू?"

"राहील," म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

पोरांचं एक बरं आहे, शाळा बुडली तर मुंबई आहे. हिला कुठे आहे मुंबई? त्या मोहल्ल्यातून आलेली ही पहिलीच. दाऊदच्या मावसबहिणीची मुलगी. वर्गात त्याला सर म्हणते, जिना उतरली की मामू. टाइप करते तेव्हा खाली बघतच नाही, खिडकीतून बाहेर बघते. बोटं आपली चालू.

१७ डिसेंबर

आज एक माणूस बोटीने आला. वेंगुर्ल्याचे परुळेकर मास्तर. मी ज्या चौघांना लिहिलं त्यांतले चौथे. उत्तर पाठवलं नाही, स्वतःच आले. बंदरावरून थेट वर्गात. किडकिडीत, दमेकरी, काखेत कापडी पिशवी. जिना चढून आल्यावर बराच वेळ बोलवेना. मग म्हणाले, "आकडो एकटो धाडलो तर लोक तेका मारतत. वांगडा माणूस होयो."

म्हणजे आकड्याच्या सोबतीला माणूस हवा. दाऊदला इतकं आवडलं की त्याने तिथल्या तिथे चहा मागवला.

घरी जेवायला आणलं. बायकोने, मालूने, सुरमई केली होती. पण ते काट्यांच्या माशाचे भक्त निघाले. म्हणाले, सुरमई ही पाहुण्यांची. मालू म्हणाली, "मग उद्या काटे देते."

१८ डिसेंबर

दिवसभर परुळेकरांबरोबर. भाट्याच्या खाडीकडे चालत गेलो, ते मधेमधे थांबत. एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर त्यांची शाळा. मास्तर ते एकटेच, शिपाईही तेच. बायको गेली, मूल नाही. मुंबईची पेढीवरची नोकरी सोडून गावी परतले आणि हे सुरू केलं. मीही तसाच परतलेला. एकाच आजाराचे दोघे भेटावेत तसं झालं.

सगळं उघडं करून दाखवलं त्यांनी. "लपवण्यासारख्या काय नाय. आसा ता सगळा बगा." एका वर्षाचा निकाल फारच खाली. विचारलं. त्या वर्षी ते दम्याने पडले होते, पावसाळाभर वर्ग नाहीत. पोरं आपली आपण शिकली, जमेल तेवढं. "नापास झाली, पण येयत रवली," म्हणाले. येत राहिली. ते सांगताना डोळे भरले.

ठरलं ते असं. दोघांनी एकमेकांना समकक्ष म्हणून दाखवायचं. दोघांनी एकाच शब्दांत लिहायचं की नोकरी लागून गेलेला मुलगा गळलेला धरू नये, त्याचा रकाना वेगळा हवा. एकट्याचं रडगाणं होतं, दोघांचं म्हणणं होतं.

किती वर्षांनी कुणाशी असं बोललो!

१९ डिसेंबर

बोटीवर बसवून दिलं. होडीत बसताना मालूने दिलेला आमसुलांचा पुडा छातीशी धरला होता. होडी लांब जाईतो हात हलवत होते.

४ जानेवारी १९५८

तक्ता करायला घेतला. अडलो. परुळेकरांच्या त्या आजारी वर्षाचं काय करायचं? आकडा घालावाच लागतो, सलग वर्षं मागितलीत. कारण कुठे लिहू? तक्त्यात कारणाला रकाना नाही. तळटीप घातली तर दाऊद म्हणतो, आपल्याही तीन तळटिपा होतील, सगळा कागद सबबींचा दिसेल.

त्याचं पटलं. टीप काढली, प्रस्तावनेत मोघम एक वाक्य घातलं, 'स्थानिक अडचणी विचारात घ्याव्यात.'

बरं नाही वाटत. पण कागद स्वच्छ दिसतो.

१२ जानेवारी

तक्ता पुरा. खतिजाने टाइप केला, एकही खाडाखोड नाही. प्रथमच आमची शाळा कागदावर शाळेसारखी दिसते. इतके दिवस आरशात दुसऱ्याचंच तोंड दिसायचं.

परुळेकरांना प्रत पाठवली. त्यांचा तक्ताही रवाना झाल्याचं कळलं.

२ फेब्रुवारी

काही नाही. यंत्रांना तेल. खाऱ्या वाऱ्याने कळा अडकतात. भाऊकाकांनी भिंतींना चुना लावून घेतला.

११ फेब्रुवारी

समिती येऊन गेली. तिघं जण. आजच लिहिलं पाहिजे.

अध्यक्ष पुण्याचे. गोड बोलणारे, घाईतले. यंत्रं पाहिली, पुस्तकांचं कपाट पाहिलं. वर्गात खतिजाला मजकूर सांगितला. तिने खिडकीबाहेर बघत टाइप करून दिला. ते कागद उजेडाकडे धरून म्हणाले, "वा! पुण्यातही असं हात बसलेलं मूल क्वचित." दाऊदचा चेहरा बघण्यासारखा.

मग तक्ता.

"उत्तम. असा तक्ता अजून कुणी दिला नाही आम्हाला," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे या किनाऱ्यावर आपल्यासारखी दुसरी एक संस्था आहे. आणि तिच्यापेक्षा तुम्ही सगळ्याच रकान्यांत वर."

मला क्षणभर कळलंच नाही. मी तसा तक्ता वाचलाच नव्हता कधी. आम्ही दोघे शेजारी उभे आहोत असंच दिसायचं मला.

"एकाच जिल्ह्यात दोन कशाला मग?" दुसरे सदस्य सहज म्हणाले. चहात बिस्कीट बुडवत.

मी म्हटलं, "साहेब, तो तसा वाचायचा नाही. सोबत प्रस्तावना आहे..."

अध्यक्ष हसले. "आकडे तुम्ही दिलेत. वाचायचे आम्ही."

त्या एका वर्षाचं सांगणार होतो. दमा, पावसाळा, येत राहिलेली पोरं. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात भाऊकाका, "आमचे मास्तर वरचेच आहेत हो साहेब! जिल्ह्यात विचारा कुणालाही." सगळे हसले, उठले. जेवणं झाली. मी वाढत होतो. आग्रह करून वाढत होतो.

बोललो नाही. वेळ होता. ते निघेपर्यंत बराच वेळ होता.

१२ फेब्रुवारी

समिती आज बोटीने वेंगुर्ल्याला गेली. माझा तक्ता बरोबर घेऊन.

३ मार्च

परुळेकरांचं पोस्टकार्ड. समिती आली, गेली, बोलली फारसं नाही. 'आपल्या तक्त्याची त्यांनी तारीफ केली. माझ्यापेक्षा तुमचा नीटस झाला आहे.' दम्याचं विचारलंच नाही कोणी, असंही लिहिलंय. शेवटी मालूला नमस्कार.

उत्तर लिहायला घेतलं. 'प्रिय परुळेकर' याच्यापुढे जमलं नाही.

१९ मार्च

खतिजाचे वडील आले. दाऊदच्या घरी भेट झाली. उंच, उन्हाने करपलेले. आखातातल्या बोटीवर असतात. फार बोलत नाहीत. मला म्हणाले, "सरकारी परीक्षा आहे म्हणतात. खरं काय?"

दाऊद माझ्याकडे बघत होता. "मान्यता आली की खरं," म्हटलं.

"मग येऊ द्या. तोवर मी लग्नाची बोलणी थांबवतो. मी जायच्या आधी कळवा."

उठताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

९ एप्रिल

आलं. मान्यता पक्की, तपासणीला समिती मात्र पुढेही येत राहणार. 'समकक्ष संस्थेच्या तुलनेत समाधानकारक.'

वर्गात पोरांनी बाकं वाजवली. भाऊकाकांनी पेढे. दाऊदने मला मिठी मारली, इतक्या वर्षांत प्रथम. खतिजाची आई पायरीवरच डोळ्यांना पदर लावून बसली. मालूने देवापुढे साखर ठेवली.

मीही हसत होतो. शपथेवर सांगतो, दिवसभर आनंद होता. परुळेकरांची आठवण संध्याकाळी पायपुसण्यावर पाय पुसताना झाली.

१४ एप्रिल

बाजारात वेंगुर्ल्याचा एक व्यापारी भेटला. परुळेकरांची मान्यता काढली. जूनपासून बंद. ज्या पोरांना शिकायचं असेल त्यांनी रत्नागिरीला जावं म्हणे.

त्याला आदेशातले शब्द पाठ होते, गावभर झालेत. 'समकक्ष संस्थेच्या तुलनेत बऱ्याच मागे.'

समकक्ष संस्था म्हणजे आम्ही.

१५ एप्रिल

शिकवता आलं नाही. व्यापारी पत्रव्यवहाराचा धडा होता, मुलांना उतरवून घ्यायला सांगितला.

भाऊकाकांकडे गेलो. म्हटलं, मंडळाने लिहायला हवं, तक्ता चुकीचा वाचला गेलाय, त्यांचं एक वर्ष आजारपणाचं होतं.

"मास्तर, तुम्ही त्यांना आजारी पाडलंत?"

"नाही, पण..."

"पंगतीत एकाच पानाची जागा होती. आपण बसलो. उठून दुसऱ्याला बसवतं का कोणी? हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका."

जिना उतरताना त्यांनी आंब्यांची पाटी बरोबर दिली. पहिल्या काढणीचे. घेऊन आलो.

१६ एप्रिल

रात्रीपासून गप्प होतो म्हणून मालूने विचारलं. सांगितलं सगळं. भाजी चिरत होती, विळी थांबली.

"तुम्ही त्यांना मित्र म्हणून बोलावलंत, की माप म्हणून?"

मी म्हटलं, "मित्र म्हणून."

"मग समितीपुढे का गप्प बसलात?"

तिने पुन्हा चिरायला घेतलं. रागावून नव्हे. मला तेच सोसवलं नाही.

१८ एप्रिल

माझ्या एकट्याच्या सहीने समितीला लिहिलं. परुळेकरांच्या त्या वर्षाचं कारण तक्त्यात यायला हवं होतं, ते मी वगळलं. दोन संस्थांत निवड करण्यासाठी हा तक्ता केलेलाच नव्हता. त्यावरून त्यांची मान्यता काढणं अन्याय होईल.

पेटीत टाकून आलो. हलकं वाटलं. किती स्वस्त असतं हलकं होणं.

परुळेकरांनाही लिहिलं. क्षमा वगैरे. उत्तर येईलसं वाटत नाही.

३ मे

समितीचं उत्तर. नीट चार वेळा वाचलं. 'आपण सादर केलेला तक्ता अपूर्ण असल्याचे आपण कळविले आहे. तो मागे घ्यावयाचा असल्यास मेअखेर कळवावे. तसे झाल्यास दोन्ही संस्थांचा नव्याने विचार करावा लागेल. अर्थातच त्या अवधीत आपल्या मान्यतेचा आदेशही स्थगित राहील.'

परीक्षेची नावं जूनमध्ये जातात. स्थगित म्हणजे खतिजाचं नाव जाणार नाही.

मागे घ्या, तर तिचं गेलं. घेऊ नका, तर परुळेकरांचं गेलंच आहे. आणि मागे घेऊन त्यांचं परत येईल असं तरी कोणी म्हटलंय? 'नव्याने विचार.' नव्याने दोघांनाही बंद करतील.

सरळ विचारलंय, सभ्य भाषेत. यांत दुष्ट कोणीच नाही. तेच भयंकर आहे. कुणाच्या अंगावर धावून जावं?

५ मे

दाऊदला सांगावंच लागलं. वर्ग सुटल्यावर, दोघेच होतो.

त्याने ऐकून घेतलं. बराच वेळ यंत्रावरची कापडी खोळ नीट करत राहिला. मग म्हणाला, "तिचा बाप परवाच्या बोटीने चाललाय. मी त्याला शब्द दिलाय. तुम्ही दिलाय."

"माहीत आहे."

"मास्तर, तुम्हाला तुमचं मन धुऊन घ्यायचंय. पाणी मात्र आमच्या पोरीच्या घागरीतलं."

"दाऊद, तो माणूस बुडला आपल्यामुळे."

"बुडला. मलाही तो आवडला होता. मीच चहा मागवला होता त्याला. पण पोरगी अजून बुडली नाही."

खोळ बांधून निघून गेला. नेहमी बरोबर निघतो आम्ही, तिठ्यापर्यंत.

७ मे

खतिजाचे वडील गेले. मी बंदरावर गेलो नाही.

१० मे

दाऊद कामापुरतं बोलतो. "खडू संपले." "घंटा द्या." भाऊकाकांना कुठून तरी कळलं, निरोप आला की मास्तरांनी पुन्हा परस्पर लिहिलं तर मंडळाला वेगळा विचार करावा लागेल.

खतिजा काहीच जाणत नाही. आज विचारत होती, परीक्षेला यंत्र आपलंच नेता येतं का. सवयीचं आहे म्हणून.

सुट्टी लागते आहे. दोन मसुदे केले. एकात मागे घेतो, एकात घेत नाही. दोन्ही बरोबर वाटतात, दोन्ही वाचवत नाहीत. मालूला वाचून दाखवणार होतो. तिने हात वर केला. "मला नका त्यात ओढू. मी त्यांना जेवायला घातलंय."

१६ मे

परुळेकरांचं उत्तर नाहीच. ठरवलं, जायचं. आठवड्याभरात बोटी बंद होतील, मग गणपतीपर्यंत गाठ नाही.

काय बोलणार? ते काय ते ठरवतील असं कुठेतरी मनात आहे. लबाडीच ती. निवाडा दुसऱ्यावर टाकायचा. पण दुसरं सुचत नाही.

१९ मे, वेंगुर्ले

बोट हलली खूप. होडीतून उतरताना गुडघ्यापर्यंत भिजलो. तसाच विचारत विचारत गेलो. गोदाम लगेच सापडलं. खाली काजूच्या बिया वाळत टाकलेल्या. वरून आवाज येत होता, मजकूर सांगण्याचा. वाटलं, चुकीच्या जागी आलो.

जिना चढलो. मान्यता गेलेल्या शाळेत सुट्टीतही वर्ग चालू होता. मुलं मोजकीच, यंत्रं जुनी, आणि परुळेकर पूर्वीपेक्षा निम्मे झालेले, भिंतीला टेकून मजकूर सांगताहेत. मला पाहून थांबले. "येवा. बसा थंय," म्हणाले आणि पुढचं वाक्य सांगितलं.

मागच्या बाकावर बसलो. ओल्या धोतराने. समोरची मुलं कुठली परीक्षा देणार होती? कुठलीच नाही. तरी धडा पुरा झाला. चुका तपासल्या गेल्या. एकाला पुन्हा टाइप करायला लावलं.

मुलं गेल्यावर मी बोलायला लागलो. सगळं सांगितलं. टीप काढल्याचं, अध्यक्षांचं, माझ्या गप्प बसण्याचं, खतिजाचं, आता आलेल्या पत्राचं. ते ऐकत होते, छातीतून शीळ वाजत होती. मला वाटत होतं, ओरडतील. ओरडावं असं वाटत होतं.

म्हणाले, "तुमची मान्यता ऱ्हवली मा?"

"आज तरी राहिली आहे."

"बरा झाला. एक तरी ऱ्हवली."

मग मी विचारलंच. "परुळेकर, तुम्ही सांगाल तसं करतो. मागे घेऊ?"

ते खिडकीकडे वळले. खिडकीतून बंदर दिसतं त्यांच्या. शिडं काढलेले मचवे किनाऱ्यावर ओढताहेत, पावसाळ्याआधीची लगबग.

"ता माका इचारू नकात," म्हणाले. पहिल्यांदाच आवाज चढला. "माजो आकडो घेतलात, तो मी दिलंय. आता माजो निवाडो पण मागतास?"

मान खाली घातली मी.

फळा पुसायला उठले. पुसताना खोकला आला, फळ्याला धरून उभे राहिले. मी पुढे झालो तर हाताने थांबवलं. दम परत आल्यावर, पाठमोरेच, अगदी शांत सुरात म्हणाले, "एक सांगा मास्तर. मी आता तक्त्यात नाय. फुडच्या खेपेक समिती तुमका कोणाच्या वांगडा मापतली?"

हे कधी मनातच आलं नव्हतं.

"सगळ्यात खाली कोण तरी लागता तेंका," म्हणाले. हात झटकले. "चला, जेवूक चला. भात टाकून इलंय."

त्यांच्यामागून जिना उतरलो. जेवलो. त्यांनी आग्रह करून वाढलं.

बोट उद्या सकाळची. मेअखेर बारा दिवसांवर आली.